सेन्सर कातडीखाली बसेल. आकडा कोण वाचणार?

मेट्रोच्या फाटकावर आपण कार्ड टेकवतो, दिवा लागतो आणि दार उघडते. त्या कार्डात बॅटरी नसते. आत एक बारीकशी चिप आणि तिच्याभोवती तारेची काही वेटोळी असतात. फाटकावरच्या यंत्रातून सेकंदाला १ कोटी ३५ लाख ६० हजार आवर्तनांचे चुंबकीय क्षेत्र बाहेर पडत असते. कार्ड त्यात शिरले की वेटोळ्यांत वीज तयार होते, चिप जागी होते, आपली ओळख सांगते आणि कार्ड बाजूला घेतले की पुन्हा निपचित पडते. मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. दहावीच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी ते पाठ केले आणि परीक्षा संपल्यावर सोडून दिले.

आता अशी कल्पना करा, की त्या चिपला साखर, आम्ल, प्राणवायू किंवा एखादा विषारी वायू ओळखणारा रासायनिक सेन्सर जोडला आहे आणि सगळे मिळून आकार आहे तांदळाच्या दाण्याएवढा किंवा त्याहून थोडा मोठा. तो कातडीखाली बसवला. बाहेरून वाचक-यंत्र जवळ नेले की त्याला वीज मिळते आणि तो आत काय चालले आहे ते सांगतो. बॅटरी नाही, वायर नाही, रोज बोटाला सुई नाही. जगभरातल्या प्रयोगशाळांत यावर काम चालू आहे, आणि हे आता केवळ प्रयोगशाळेतले स्वप्न राहिलेले नाही. त्याचे कौतुक करणारे लेख वाचकांनी वाचले असतील. मला मात्र हा विषय सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातल्या खुर्चीवरून दिसतो. माझ्यासमोर मुळशीतल्या वाड्यावस्त्यांवरून, पौड रस्त्याने सहाआसनीत बसून आलेली माणसे असतात. हे तंत्र त्यांच्या उपयोगाचे आहे का, असा प्रश्न मी स्वतःला विचारते आणि उत्तर ‘हो’ असेच येते. शहरातल्या सधन रुग्णापेक्षा त्यांच्याच अधिक उपयोगाचे. अट एवढीच, की आपण खरेदी करताना नुसता सेन्सर खरेदी करू नये.

आधी बॅटरीची अडचण समजून घेऊ. शरीरात बसवायच्या कोणत्याही उपकरणात सर्वांत जास्त जागा बॅटरीच खाते. पेसमेकर उघडून पाहिला तर त्याच्या डबीचा मोठा भाग बॅटरीनेच भरलेला असतो, आणि ती संपली की पुन्हा शस्त्रक्रिया. बॅटरीतली रसायने शरीरात गळू नयेत म्हणून धातूचे भक्कम कवच लागते, त्याने आकार आणखी वाढतो. बॅटरी काढून टाकली की उपकरण एकदम लहान होते, टाके कमी पडतात, आणि ‘संपण्या’ची एक मोठी भीती जाते. १९५७ मध्ये गिळायची ‘रेडिओ गोळी’ प्रथम आली तेव्हापासून संशोधकांना ही खंत आहे.

साखर मोजण्याचे रसायनशास्त्र त्याहून थोडे अलीकडचे. १९६२ मध्ये लेलँड क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्याने सुचवले, की ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर इलेक्ट्रोडवर पातळ पडद्याआड धरून ठेवावे. साखरेचा रेणू त्याच्याशी भेटला की प्राणवायू वापरला जातो. तो किती वापरला गेला ते मोजले की साखर कळते. आज घरोघरी असलेला ग्लुकोमीटर आणि दंडावर चिकटवायचे चौदा दिवसांचे सेन्सर ही याच कल्पनेची नातवंडे. दंडावरच्या त्या चकतीला मोबाइल लावून आकडा वाचता येतो, पण तिच्या आत छोटी बॅटरी असते.

बॅटरी नसलेला पहिला मोठा व्यवहारी नमुना म्हणजे एव्हरसेन्स. साधारण साडेतीन मिलिमीटर जाडीची आणि १८ मिलिमीटर लांबीची ही नळी छोटा छेद घेऊन दंडाच्या कातडीखाली सरकवतात. तिच्यावरच्या पदार्थाला साखर चिकटली की तो विशिष्ट प्रकाशात उजळतो. साखर जास्त तर उजेड जास्त. नळीतला इवलासा दिवा लावायला आणि उजेड मोजायला लागणारी वीज कातडीवर चिकटवलेल्या यंत्रातून, वायरविना, आत जाते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१८ मध्ये ९० दिवसांसाठी, २०२२ मध्ये १८० दिवसांसाठी आणि २०२४ मध्ये वर्षभरासाठीच्या आवृत्तीला परवानगी दिली. सहा वर्षांत तीन महिन्यांचे वर्ष झाले, याचे श्रेय विजेपेक्षा रसायनाला आणि शरीराची समजूत काढण्याला आहे. परकी वस्तू दिसली की शरीर तिच्याभोवती तंतूंची भिंत बांधते. भिंत जाड झाली की साखर आत पोहोचत नाही. म्हणून त्या नळीभोवती सूज कमी करणाऱ्या डेक्सामेथासोनचे कडे बसवलेले असते. कोविडच्या काळात ज्याचे नाव सर्वांच्या तोंडी होते, तेच हे औषध.

मग हे यंत्र कातडीला चिकटवावेच का लागते? खोलीच्या कोपऱ्यात एक पेटी ठेवली आणि घरातल्या सगळ्यांचे सेन्सर तिच्यावर चालले, असे का नाही? कारण अंतर. वेटोळ्याच्या आकाराच्या मानाने दूर गेले, की अंतर दुप्पट केल्यावर चुंबकीय क्षेत्र आठपटीने क्षीण होते आणि पलीकडे मिळणारी शक्ती साधारण चौसष्टपटीने. २००७ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत मारिन सोल्याचिच यांच्या गटाने दोन मीटरवरचा ६० वॉटचा दिवा वायरविना लावून दाखवला तेव्हा मोठी चर्चा झाली. पण त्या प्रयोगातली वेटोळी परातीएवढी होती. दंडात परात बसवता येत नाही. तिथे बसते ती दोन-तीन मिलिमीटरची कॉइल, आणि तिला वीज द्यायची तर बाहेरचे यंत्र काही मिलिमीटर, फार तर काही सेंटिमीटर अंतरावर आणावेच लागते. बाहेरून जोर वाढवावा तर मधले मांस तापते. ही मर्यादा कारागिरीची नाही, निसर्गाची आहे. पुढच्या वर्षीच्या मॉडेलमध्ये ती जाणार नाही.

वैद्यकाच्या दृष्टीने या मर्यादेचा अर्थ सरळ आहे. सेन्सर कितीही हुशार असला तरी कोणीतरी त्याच्याजवळ, अगदी अंगाला लागेल इतके जवळ, जावे लागते. ते कोण?

घोटावडे फाट्याजवळचे भरे घ्या. एकीकडे पिरंगुटच्या पट्ट्यातल्या कारखान्यांच्या शेड, दुसरीकडे अजून शिल्लक असलेली भातखाचरे. तिथल्या एका मावशी बरीच वर्षे इन्शुलिनवर आहेत. सकाळ-संध्याकाळ दोन टोचण्या. आषाढात लावणी सुरू झाली की त्या सकाळी साडेसहाला टोचून घेतात आणि बांधावर जातात. भाकरी मागाहून येते, कधी नऊला, कधी साडेदहाला. कंबरेत वाकून चिखलात रोपे लावणे हा व्यायाम जिममधल्या कोणत्याही यंत्राला हरवणारा आहे. अकराच्या सुमाराला त्यांना दरदरून घाम येतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. ‘‘पावसात भिजून गारठा भरतो डॉक्टरीणबाई, चहा घेतला की बरं वाटतं,’’ हे त्यांचे निदान. चहात साखर असते, म्हणून बरे वाटते. पण महिन्यातून एकदा त्या उपाशीपोटी तपासणीला येतात तेव्हा कागदावर आकडा असतो १९०. नुसत्या त्या कागदावर विसंबणारा डॉक्टर इन्शुलिन वाढवेल, आणि पुढच्या आठवड्यात मावशी खाचरात कोसळतील.

‘तीन महिन्यांची सरासरी’ सांगणारी एचबीए१सी तपासणी करा, असे कोणी सुचवेल. करतोच. पण ती सरासरी आहे. सकाळचे १९० आणि अकरा वाजताचे ५० यांची बेरीज-भागाकार होऊन ती छान दिसू शकते. शिवाय ही तपासणी तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनवर अवलंबून असते. लोहाच्या कमतरतेने पांडुरोग झाला असेल तर ती बहुधा खऱ्यापेक्षा जास्त येते. सिकलसेलसारख्या आजारात पेशी लवकर मरतात, तिथे ती कमी येते किंवा निरर्थक ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. विदर्भातल्या आणि सातपुड्यातल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल घरोघरी ठाऊक आहे. म्हणजे जी तपासणी आम्ही सर्वांत विश्वासाची मानतो, ती नेमकी गरीब बाईच्या रक्तात डळमळते. दिवसभराचा आलेख काढणारा सेन्सर पांडुरोगाने त्या प्रकारे फसत नाही. तेव्हा, हे श्रीमंतांचे खेळणे आहे, असे म्हणणाऱ्यांशी माझे भांडण आहे. मावशींच्या दंडावर लावणीच्या पंधरवड्यात असा सेन्सर असेल तर अकरा वाजताची दरी कागदावर दिसते, आणि मग उपाय अगदी स्वस्त असतो: डोस कमी करायचा आणि बांधावर जाण्याआधी भाकरी खायची.

आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने भारतातल्या मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर सांगितली. त्या सगळ्यांना सेन्सर लावा, असे कोणी म्हणत नाही, मी तर नाहीच. गोळ्यांवर साखर आटोक्यात असलेल्या माणसाला त्याची गरज नसते; उलट दर पाच मिनिटांनी आकडा पाहून त्याची झोप उडते. गरज आहे ती इन्शुलिनवरच्या मुलांना, इन्शुलिन लागणाऱ्या गरोदर स्त्रियांना, आणि मावशींसारख्या अंगमेहनत करून इन्शुलिन घेणाऱ्यांना.

आणि आता मूळ मुद्दा. सेन्सरने फायदा होतो म्हणजे नेमका कशाने होतो? याचे मला माहीत असलेले सर्वांत स्वच्छ उत्तर मधुमेहातून नव्हे, हृदयविकारातून आले आहे. हृदय निकामी होत चाललेल्या रुग्णांच्या फुफ्फुसाकडे जाणाऱ्या धमनीत बसवायचा एक इवलासा, बॅटरी नसलेला दाबमापक आहे. रुग्ण घरी एका खास उशीवर पडला की उशीतून त्याला वीज मिळते आणि आकडा रुग्णालयात पोहोचतो. अमेरिकेत ५५० रुग्णांवर त्याची चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०११ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. तिची रचना मुद्दाम पाहण्यासारखी आहे. सेन्सर सगळ्या ५५० जणांना बसवला. सगळे उशीवर झोपून आकडे पाठवत होते. फरक एवढाच, की निम्म्यांचे आकडे डॉक्टरांना दाखवले आणि उरलेल्यांचे झाकून ठेवले. ज्यांचे आकडे डॉक्टरांनी पाहिले आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांचे प्रमाण लगोलग बदलले, त्यांना सहा महिन्यांत हृदयाच्या या दुखण्यासाठी रुग्णालयात दाखल होण्याची वेळ २८ टक्क्यांनी कमी आली. पुढे जास्त काळ पाहिले तेव्हा ३७ टक्क्यांनी. सेन्सर दोन्हीकडे तोच होता. पलीकडे तो बघून फोन उचलणारे माणूस होते की नव्हते, त्याचा हा फरक.

आपल्याकडे या प्रकारच्या तंत्राचा अनुभव नाही असे नाही. जन्मतः न ऐकू येणाऱ्या मुलांना बसवतात ते कॉक्लिअर इम्प्लांट नेमके याच तत्त्वावर चालते. कानामागे कातडीखाली एक कॉइल, बाहेर लोहचुंबकाने चिकटलेली दुसरी. आतल्या भागात बॅटरी नसते, वीज आणि आवाज दोन्ही बाहेरून जातात. केंद्राच्या योजनेतून गरीब घरच्या मुलांना हे उपकरण मिळते आणि त्या कामाची मध्यवर्ती संस्था मुंबईतली, वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. शस्त्रक्रियेचे फोटो आपण वर्तमानपत्रात पाहतो, आणि ते पाहून आनंद व्हावा असेच असतात. पण त्या मुलांच्या आईवडिलांशी बोलून पाहा. बाहेरच्या यंत्राची वायर तुटते, पावसाळ्यात ओल शिरते, बॅटऱ्या लागत राहतात, हमीचा काळ संपतो. आणि यंत्र नीट असले तरी मूल बोलायला लागते ते वाचा-उपचार तज्ज्ञासमोर महिनोन्‌महिने बसल्यावर. जिथे ते बसवणारे कोणी नाही, तिथे कवटीतले सुरेख उपकरण शांत पडून राहते. आतला भाग जन्मभर टिकतो. थकतो तो बाहेरचा.

दुसरा अनुभव तर प्रत्येक घराच्या उंबऱ्यावर आला होता. १५ सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आरोग्य कर्मचारी, आशा आणि स्वयंसेवक तापमापक व ऑक्सिमीटर घेऊन दारोदार गेले. बोटाला लावायची ती चिमटी आत बसवायची नव्हती, पण तत्त्व तेच: छोटा सेन्सर, आणि तो घेऊन अंगाजवळ येणारे माणूस. ९२ आकडा दिसल्यावर म्हाताऱ्याला गाडीत घालायचे की नाही, हे दारात उभी असलेली आशाताई ठरवत होती, शेजाऱ्यांशी वाद घालत होती, रुग्णवाहिकेला फोन लावत होती. त्या काळात ऑक्सिमीटरचे कौतुक खूप झाले. ज्या बाईने तो धरला होता तिला पगार नाही, मानधन आणि कामागणिक मोबदला आहे, आणि तोही वेळेवर मिळावा म्हणून तिला पुढे आझाद मैदानात बसावे लागले.

ऑक्सिमीटरने आणखी एक धडा दिला. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतून एक अहवाल आला: कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये हे यंत्र प्राणवायू ठीक असल्याचे खोटे सांगते, आणि असे होण्याचे प्रमाण गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट आहे. यंत्र प्रकाशावर चालते आणि ते जुळवले गेले ते बहुतांशी फिकट कातडीवर. साखरेचे सेन्सर ज्या थरात बसतात, तो कातडीखालचा मेदाचा थर. त्याबाबत भारतीय शरीर वेगळे आहे, हे तर पुण्यातच दाखवले गेले. केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांत १९९३ पासून गर्भवतींचा आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. तिथली नवजात बाळे सरासरी २.७ किलोची आणि इंग्लंडमधल्या साउदम्प्टनची ३.५ किलोची, पण मांस आणि अवयव कमी असूनही आपल्या बाळांनी मेद मात्र राखलेला. बारीक दिसणारा, आतून मेदयुक्त असा हा देह, त्यावर चिखल, घाम, दमट हवा आणि उन्हाळ्यातले चाळीस अंश. परदेशी चाचणीचा कागद दाखवून असा सेन्सर आपल्या रुग्णालयांत विकला जाऊ नये. मुळशीच्या पावसात आणि चंद्रपूरच्या मे महिन्यात तो किती चुकतो, हे आधी मोजले पाहिजे, आणि ते सार्वजनिक पैशाने मोजले पाहिजे.

भरे आणि पिरंगुटच्या वाचकांच्या मनात रसायन म्हटले की साखरेआधी दुसरेच काही येत असेल. ७ जून २०२१ रोजी जवळच्या उरवड्यात रासायनिक कारखान्याला आग लागली आणि १७ कामगार गेले. त्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. तेव्हापासून ‘असे सेन्सर कारखान्यात का लावत नाहीत?’ हा प्रश्न मला अनेकांनी विचारला आहे. वायू ओळखणारे सेन्सर जुने आहेत. जपानमध्ये नाओयोशी तागुची यांनी कथिलाच्या ऑक्साइडचा सेन्सर १९६०च्या दशकातच आणला, आणि आज स्वयंपाकघरातल्या गॅसगळतीच्या भोंग्यात त्याचेच वंशज असतात. मुंबईच्या आयआयटीत सिलिकॉनवर कोरलेल्या सूक्ष्म पट्ट्यांवर बरीच वर्षे काम झाले. त्यातून स्फोटकांचा माग काढणारे ‘नॅनोस्निफर’ हे देशी यंत्र २०२१ मध्ये बाजारात आले. म्हणजे विद्या घरातच आहे. पण जवळून वीज घेणारा, बॅटरी नसलेला सेन्सर इथे चुकीचे हत्यार ठरेल, असे माझे मत आहे. तो वाचायला माणसाला मोबाइल घेऊन त्याच्याजवळ जावे लागते. गटाराच्या किंवा सेप्टिक टाकीच्या तोंडाशी, किंवा गळणाऱ्या पिंपाशी जाऊन आकडा वाचायचा असेल तर वाचणाराच पहिला बळी. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास असतो, पण प्रमाण वाढले की नाकाची संवेदनाच बधिर होते आणि ‘वास गेला, आता उतरू’ असे वाटते. अशा ठिकाणी सरळ वायर ओढा, कायम वीज द्या आणि दूर ऐकू येईल असा भोंगा बसवा. बाहेर पडायचे दार मोकळे ठेवा, त्यासमोर माल रचू नका. यात नवे संशोधन काहीच नाही.

पुन्हा दंडाकडे येते. आपल्या जिल्ह्यात काय करता येईल? हृदयाचा चोवीस तासांचा आलेख काढणारे होल्टर यंत्र रुग्णाला विकत घ्यावे लागत नाही. ते रुग्णालयाचे असते, लावतात आणि काढून घेतात. साखरेचा सेन्सरही असाच वापरावा. एकेका इन्शुलिनवरच्या रुग्णाला वर्षातून एक-दोनदा, त्याच्या आयुष्यातल्या अवघड पंधरवड्यात: लावणीत, रमजानमध्ये, रात्रपाळी सुरू झाल्यावर, गरोदरपणात. चौदा दिवसांच्या एका सेन्सरची किंमत काही हजार रुपये आहे, आणि बाईला ती महिन्याला दोनदा परवडत नाही. पण रुग्णालयाला वर्षातून एकदा परवडायला हरकत नाही. साखर उतरून बेशुद्ध झालेल्या एका रुग्णावर दाखल झाल्यावर होणारा खर्च कोणत्याही लेखापालाने काढून पाहावा.

त्याच्याच जोडीला अधिकाराचा प्रश्न सोडवावा लागेल. उपकेंद्रात आता समुदाय आरोग्य अधिकारी असतो. आशाताई तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा मधुमेह-रक्तदाबाचा फॉर्म भरतात. वाचक-यंत्र त्यांच्या हाती देणे अवघड नाही. त्या ते आठवड्यात शिकतील. पण सकाळी अकराची साखर ५५ दिसल्यावर त्यांनी काय करायचे? आज त्यांनी करायचे ते एवढेच, की ‘डॉक्टरांना दाखवा’ असे सांगायचे. डॉक्टर भेटेपर्यंत तीन टोचण्या होऊन गेलेल्या असतात. साखर ७०च्या खाली दिसली तर पुढची टोचणी किती युनिटने कमी करायची, कोणत्या क्रमांकावर कळवायचे, तो फोन कोण उचलणार, हे प्रत्येक रुग्णाच्या कागदावर डॉक्टरने आधीच सहीनिशी लिहून दिलेले असावे. अशी लेखी मुभा आणि त्या कामाचा वेगळा मोबदला, हे दोन्ही सेन्सरच्या निविदेतच घालावे. ते नसेल तर सेन्सर घेऊ नयेत, असे मी म्हणेन. कपाटात मुदत संपून पडलेली यंत्रे मी पुरेशी पाहिली आहेत.

ज्यांच्या दंडावर आजच चकती आहे, अशा वाचकांसाठी काही कामाच्या गोष्टी. सेन्सर रक्तातली नव्हे, पेशींमधल्या द्रवातली साखर मोजतो. ती रक्ताच्या पाच ते पंधरा मिनिटे मागे असते. साखर झपाट्याने उतरत असताना सेन्सर ९० दाखवील आणि तुम्हाला घाम फुटलेला असेल. अशा वेळी घामावर विश्वास ठेवा आणि बोटाला टोचून खात्री करा. त्या दंडावर कूस करून झोपलात तर दाबाने खोटी कमी साखर दिसते. ‘क’ जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्यांनी काही सेन्सर खोटी जास्त साखर दाखवतात, म्हणून घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. आणि सुई न टोचता, काही न चिकटवता, नुसते मनगटावर बांधून साखर सांगणारी घड्याळे व अंगठ्या ऑनलाइन मिळतात, त्या घेऊ नका. अशा एकाही उपकरणाला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. तो आकडा पाहून इन्शुलिन घेणे जिवावर बेतू शकते.

साखर ७०च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच द्यावी, आणि मग भाकरी किंवा भात खायला घालावा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये; कुशीवर वळवावे आणि १०८ला फोन करावा. लावणीला जाणाऱ्या इन्शुलिनवरच्या माणसाने साखरेची पुडी प्लास्टिकमध्ये बांधून कनवटीला ठेवावी, आणि ती कुठे आहे हे शेजारच्या ओळीत रोपे लावणाऱ्या बाईला सांगून ठेवावे.